क्रेन फिरत नव्हती

आधी सगळा दोष क्रेनला लागला. लागणारच. वरची कधी चुकत नाही, हे त्या साइटवर लहानथोर सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

वरची म्हणजे टॉवर क्रेन चालवणारी बाई. इमारत निम्मी झाली होती, आणि तिच्याही वर, लोखंडी मनोऱ्याच्या टोकाशी, एक काचेची केबिन होती. तिच्यात एक खुर्ची, दोन दांडे आणि पाण्याची बाटली एवढंच मावायचं. तिथं ही बाई दिवसभर बसायची आणि टनावारी लोखंड असं उचलून ठेवायची की बघणाऱ्यानं बघत राहावं. खाली उभा राहून वॉकीटॉकीवर तिला इशारे देणारा माणूस तिचा नवरा. म्हणून ती वरची आणि तो खालचा. खरी नावं फक्त हजेरी घेणाऱ्याला ठाऊक. दोघांची ओळख अशाच एका साइटवर झालेली, तेव्हापासून अरे-तुरे. लोक थट्टेनं म्हणायचे, की यांच्या संसाराचं निम्मं बोलणं हवेतून जातं आणि उरलेलं निम्मं होतच नाही.

कामाची रीत मात्र कडक. खालच्यानं जो शब्द सांगितला तो वरचीनं आधी परत म्हणायचा आणि मगच दांडा हलवायचा. तो म्हणायचा, "डावीकडे." ती म्हणायची, "डावीकडे." तो म्हणायचा, "सावकाश खाली." ती म्हणायची, "सावकाश खाली." वरून खालचं धड काही दिसत नाही, तेव्हा कानावरच सगळा कारभार. वरची या बाबतीत इतकी काटेकोर, की एकदा खालच्यानं मध्येच "जेवलीस का" विचारलं, तर तिनं पूर्ण साइटच्या कानावर पडेल असं त्याला झापलं होतं. कामाच्या चॅनेलवर घरचं बोलायचं नाही म्हणजे नाही.

तर त्या बाईनं एक दिवस सांगितलं, की क्रेनचा आडवा हात आपोआप डावीकडे फिरतो. दांड्याला हात लावलेला नसताना. समोरची इमारत, तिच्यामागचे रस्ते, सगळं एका बाजूला सरकत जातं, आणि मग थांबतं. कुणीही तिला "तुझं डोकं तपासून घे" म्हटलं नाही. म्हणतील कसे? टॉवर क्रेन वाऱ्यावर डुलतेच, काम थांबलं की तिचा हात वाऱ्याबरोबर फिरायला मोकळाच सोडतात. जमिनीवरच्या माणसाला घर फिरताना दिसलं तर तो डोकं धरून खाली बसेल. पण जिची वर्षं डुलणाऱ्या केबिनमध्ये गेली, तिला जग फिरताना दिसलं तर ती ब्रेकवरच संशय घेणार.

मेकॅनिक वर गेला, ब्रेक उघडला, साफ केला, लावला. पुन्हा तक्रार आली. पुन्हा उघडला. तिसऱ्या वेळी तो घामाघूम होऊन खाली उतरला आणि हात जोडून म्हणाला, की ताई, या ब्रेकपेक्षा माझं लग्न जास्त ढिलं आहे. सगळे हसले. वरची हसली नाही. तिच्या शब्दावर कुणी असं हसलेलं तिला खपायचं नाही.

मग एका सुट्टीच्या सकाळी ती घरी न्हाणीघरात तोंड धूत होती, आणि तिथली भिंत डावीकडे फिरली. तशीच, त्याच वेगानं, त्याच बाजूला. तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं, की बिचारी क्रेन निर्दोष आहे. तिला हायसं वाटलं, म्हणजे बघा! म्हणाली, चला, मशीन ठीक आहे, मलाच भोवळ येते एवढंच.

भोवळ म्हटल्यावर काय, घरोघरी वैद्य. नणंदेनं अशक्तपणा ठरवला. शेजारीण म्हणाली पित्त. मुकादमाच्या बायकोनं चष्म्याचा नंबर वाढल्याचं निदान फोनवरूनच केलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, कानात बॅटरी मारून बघितली. बहुतेकांची भोवळ कानातूनच येते, कानाच्या आत तोल सांभाळणारी एक नाजूक यंत्रणा असते, ती बिघडली की गरगरतं, असं त्यांनी सांगितलं, आणि मान वळवण्याचे व्यायाम दिले. त्यांचं काही चुकलं म्हणता येणार नाही. दहाजणांत नऊजणांचं तसंच असतं, आणि तिनं त्यांना सांगितलं ते फक्त गरगरण्याबद्दल. दुसरं काही होतं हे तिलाच माहीत नव्हतं.

साइटच्या साहेबांना यातलं काही सांगायचं नाही, असं नवरा-बायकोचं ठरलं. ठरलं म्हणजे तिनं ठरवलं आणि त्यानं मान हलवली. भोवळ हा शब्द त्या ऑफिसात गेला असता, तर त्याच दिवशी तिच्या हातातले दांडे गेले असते. आणि वरचीला ती केबिन जिवापेक्षा प्यारी. तिथं धूळ पोचायची नाही, मुकादमाचा आरडाओरडा पोचायचा नाही. पहाटेचं पहिलं ऊन आख्ख्या शहरात आधी तिच्या गुडघ्यांवर पडायचं. ते सोडून ती खाली काय करणार होती?

पुढच्याच आठवड्यात खालच्यानं घोळ घातला. निदान तिला तसंच वाटलं. सळयांचा मोठा भारा स्लॅबवर उतरवायचा होता. ती त्याचे शब्द परत म्हणत म्हणत सावकाश सोडत होती. मध्येच एक बारीकशी भोवळ येऊन गेली, आली तशी विरली, आणि बघते तर भारा स्लॅबच्या जेमतेम वर लोंबकळतोय आणि खाली गोंधळ चाललेला. वॉकीटॉकीवर कुणी कुणाला शिव्या देत होतं. मग नवऱ्याचा आवाज आला, की चूक माझी, माझा इशारा चुकला. साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. वरचीनं संध्याकाळी घरी जाताना रस्ताभर सुनावलं. इतकी वर्षं काम करून साधा "थांब" वेळेवर सांगता येत नाही, माझ्या नावाला बट्टा लावतोस, असं बरंच काही. तो एक अक्षर बोलला नाही. तिला त्याचाही राग आला.

घरी येऊन दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसली. चहा समोर होता. ती कप उचलता उचलता थांबली आणि म्हणाली, "फिरतंय. ब्रेक लाव."

पुढं तिला आठवतं ते एवढंच, की टेबल, खिडकी आणि नवऱ्याचा चेहरा डावीकडे सरकला, मग जागेवर आला. पण चहा तिच्या मांडीवर सांडलेला होता. आणि नवरा समोरच्या खुर्चीत नव्हता, तिच्या पायाशी गुडघ्यांवर बसला होता, तिचे दोन्ही हात धरून. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो तिथं कधी आला, हे तिला कळेना. तिनं विचारलं, तर तो म्हणाला की उद्या तू वर चढायचं नाहीस. आवाज असा, की भांडायला तोंड उघडलेली बाई गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी त्यानं बायकोला ताप असल्याचं कळवलं आणि तिला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. वाटेत तिची धुसफूस चालूच. भोवळेला मेंदूचा डॉक्टर कशाला, मी काय वेडी झाले का? डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, घाई नसलेल्या. त्यांनी वरचीला सगळं विचारलं. मान वळवली की येते का? नाही, बसल्या बसल्या येते. दरवेळी वेगळी की सारखी? अगदी सारखी, डावीकडेच. किती वेळ? थोडाच, डोळ्याचं पातं लवेपर्यंत. आणि मग त्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, की तुम्हाला काय दिसतं ते सांगा.

वरचीला ते आवडलं नाही. भोवळ माझी आणि विचारतात याला! पण खालचा बोलायला लागला आणि ती ऐकतच राहिली. तो म्हणाला, की पातं लवेपर्यंत नाही, चांगलं अर्धं मिनिट, कधी जास्तच. आधी ही म्हणते फिरतंय. मग डोळे उघडे, पण ही नसते. ओठ चाटते, आवंढे गिळते, एका हातानं कपडे चिवडत राहते. हाक मारली तरी कळत नाही. मग हळूहळू परत येते आणि जिथं सोडलं होतं तिथून पुढं बोलायला लागते.

"खोटं बोलतोय," वरची म्हणाली. तिला खरोखरच तसं वाटलं. ती सगळा वेळ तिथंच होती की. स्वतःच्या आयुष्यातून आपण उठून गेलो तर आपल्याला कळणार नाही का?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की हेच तर बघू या. तिला दवाखान्यात ठेवून घ्यायचं ठरलं. रात्रभर जागं राहायला सांगितलं, म्हणजे भोवळ यायची असेल तर यावी. सकाळी तंत्रज्ञ बाईंनी तिच्या डोक्यावर केसांच्या मधून मधून चिकट मलम लावून वायरी बसवल्या. पार झाडूसारखं दिसतंय, असं म्हणून वरचीनं स्वतःचीच थट्टा केली. समोर भिंतीवर कॅमेरा, बाजूला पडदा, पडद्यावर एकाखाली एक बारीक रेघा थरथरत चाललेल्या. नवरा कोपऱ्यातल्या स्टुलावर. सकाळ गेली, दुपार गेली. आता काही होत नाही म्हणून ती जांभई देत होती, आणि समोरची भिंत डावीकडे निघाली. ती म्हणाली, की आली बघा, छोटीशीच आहे. भिंत थांबली. वरची म्हणाली, की गेली.

खोलीत तोवर चार माणसं जास्त झाली होती. तंत्रज्ञ बाई तिच्या उशाशी वाकलेल्या. त्यांनी विचारलं, की मी तुम्हाला एक शब्द लक्षात ठेवायला सांगितला होता, तो कोणता?

वरची म्हणाली, की तुम्ही काहीच सांगितलं नाहीत.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी तिला ते चित्रीकरण दाखवलं. सहसा लगेच दाखवत नाही, पण तुम्हाला बघितल्याशिवाय पटायचं नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांनी तिला बरोबर ओळखलं होतं.

पडद्याच्या एका बाजूला ती स्वतः पलंगावर बसलेली, दुसऱ्या बाजूला त्या रेघा. ती जांभई देते. रेघा शांत, बारीक. मग उजव्या कानाच्या मागं, वरच्या अंगाला लावलेल्या वायरीच्या रेघेला कंप सुटतो. एकाच रेघेला, बाकी सगळ्या स्वस्थ. पलंगावरची बाई अजून जांभई आवरते आहे, तिला काही कळलेलं नाही. कंप शेजारच्या रेघेत जातो. आणि त्या क्षणी पडद्यावरची वरची म्हणते, "आली बघा."

डॉक्टरीणबाईंनी चित्र थांबवलं आणि त्या रेघेवर बोट ठेवलं. आपलं शरीर कुठं आहे, सरळ आहे की कललंय, जग स्थिर आहे की हलतंय, याचा हिशोब मेंदूत काही ठरावीक जागी चालतो, त्यांनी सांगितलं. तुमच्या त्यातल्या एवढ्याशा जागेत मधूनच विजेची ठिणगी पडते. ती तिथंच असते तोवर तुम्हाला नुसती भोवळ. पुढं पसरली, की तुम्ही नसता. ही भोवळ म्हणजे फिटची सुरुवातच आहे. याला अपस्मार म्हणतात, लोक मिरगी म्हणतात. प्रत्येक मिरगीत माणूस पडून हातपाय झाडतोच असं नाही, आणि हजारो भोवळींमधली एखादीच अशी असते.

वरची त्या बोटाकडे बघत होती. मिरगी हा शब्द ऐकून घाबरायला हवं होतं, रडायला हवं होतं, ते सगळं पुढं यायचंच होतं. पण त्या घडीला ती नुसती थक्क झाली होती. तिनं क्रेनच्या हाताला फिरताना बघितलं होतं. इमारत, रस्ते, सगळं शहर तिच्यासमोर एका बाजूला सरकलं होतं. तिनं मेकॅनिकला तीन तीनदा चढायला लावलं होतं. आणि ते सगळं शहर फिरवणारी जागा ही एवढी, बोटाच्या पेराखाली झाकेल एवढी! तिनं नकळत हात वर नेला आणि कानामागं केसांत बोटं घातली. तिथं तर काहीच लागलं नाही, मलमाचा चिकटपणा तेवढा.

मग चित्र पुढं गेलं. सगळ्या रेघा उसळल्या. बाईचे डोळे उघडे होते आणि त्यांत कुणी नव्हतं. ओठ चाटणं, आवंढे गिळणं, चादर चिवडणारी बोटं, नवऱ्यानं सांगितलं होतं तसंच, एकूण एक. तंत्रज्ञ बाई स्पष्ट, मोठ्यानं म्हणत होत्या, की ताई, शब्द लक्षात ठेवा, छत्री, छत्री. नवरा हाक मारत होता. तिच्या नावानं, खऱ्या नावानं, जे तो वर्षानुवर्षं घेत नसे. किती वेळ मारत होता! आणि ती तिथंच बसून यातलं एक अक्षरही ऐकत नव्हती.

आपण होतो तिथं सलग भिंत होती असं तिला वाटत होतं, आणि भिंतीला भोकं होती. आजवर अशी किती गेली, देव जाणे. तिच्याकडे त्यांची खूणसुद्धा नव्हती. होती ती याच्याकडे, कोपऱ्यात मान खाली घालून बसलेल्या या माणसाकडे.

पण माणूस असा, की थक्क व्हायचं ते होतो आणि लगेच आपल्या मुद्द्यावर येतो. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या, बऱ्याच जणांना त्यांनी पूर्ण बरं वाटतं असं सांगितलं. उंचावर जायचं नाही, गाडी चालवायची नाही, आणि क्रेन तर मुळीच नाही, बहुतेक कायमचीच नाही, हेही सांगितलं. वरचीनं सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर बाकावर बसल्यावर नवऱ्याशी हिशोब मांडायला घेतला. गोळ्या लागू पडल्या की महिन्याभरात वर जायचं. साहेबांना काही सांगायची गरज नाही. दांडा असा असतो, की हात सुटला तर मशीन आपोआप थांबतं, मग भीती कसली? आणि इतक्या भोवळी येऊन गेल्या, खाली कुणाला साधं खरचटलं तरी का?

तिनं पुन्हा विचारलं, "सांग ना. कुणाला काही झालं का?"

"सळयांच्या भाऱ्याच्या दिवशी मी इशारा चुकवला नव्हता," तो म्हणाला.

मग त्यानं सावकाश सगळं सांगितलं. भारा खाली येत होता. स्लॅबवर ग्राइंडरवाला पाठ करून काम करत होता, मशीनच्या आवाजात त्याला काही ऐकू येत नव्हतं. खालच्यानं "थांब" म्हटलं. वरून शब्द परत आला नाही. पुन्हा म्हटलं, पुन्हा म्हटलं. वरच्या माइकचं बटण तिच्या पायाखाली दाबलेलं राहिलं होतं, त्यामुळे तिचा श्वास ऐकू येत होता, आणि ओठ चाटल्याचा आवाज. दांडा तिच्या मुठीत आवळलेला असणार. भारा येतच होता. मग तो धावला. ग्राइंडरवाल्याला खेचायला गेला, तर त्याची वायर पायात अडकली आणि दोघं तिथंच पडले, बरोबर भाऱ्याखाली. वर बघतो तो सळयांची टोकं. आणि मग तिची मूठ सैल झाली असणार, कारण भारा थांबला.

"खाली कोण होतं?" तिनं विचारलं. ऐकलं होतं तरी विचारलं.

"ग्राइंडरवाला," तो म्हणाला. "आणि मी."

त्या संध्याकाळी रस्ताभर आपण याला काय काय बोललो, ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं. तेवढं मात्र सगळं आठवत होतं. ती रडली, तिथंच, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. मग नाक पुसलं आणि म्हणाली, की सकाळी साहेबांकडे आपण दोघं जायचं, पण बोलेन मी.

तसंच झालं. साहेबांनी ऐकून डोक्याला हात लावला. त्यांना आधी तिचा राग आला, मग त्याचा, मग त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली. साहित्याच्या गोदामावर तिला काम मिळालं, जमिनीवरचं. वर नवा माणूस आला.

तो पहिल्यांदा चढला त्या दिवशी वरची नवऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत भार उचललेला असताना ती कधी खाली नव्हतीच. क्रेन सुरू असताना ती वर असायची, ती खाली आली की क्रेन बंद. तिनं मान मागं टाकली. मनोरा वर गेला, आणखी वर गेला, आणि टोकाशी ती केबिन काड्यापेटीएवढी दिसली. आतला माणूस दिसतच नव्हता. मग वरून एक भारा निघाला आणि त्यांच्या दिशेनं, आकाश झाकत, हळूहळू मोठा होत आला. ती एक पाऊल मागं सरकली. भोवळ नव्हती ती. जग अगदी स्थिर होतं.

तिनं नवऱ्याची बाही घट्ट धरली. तो वॉकीटॉकी तोंडाशी धरून होता, नजर वर, दुसऱ्या कशाकडे लक्ष नाही.

"तू रोज इथं उभा राहायचास?" तिनं हळूच विचारलं. "मी वर असताना?"

कामाच्या वेळी घरचं बोलायचं नाही, असं तो म्हणाला नाही. त्यानं बटणावरचं बोट काढलं, भाऱ्यावरची नजर मात्र काढली नाही.

"तू वर होतीस म्हणून तर," तो म्हणाला.